ओळखीचे कावळे

१० फेब्रुवारी, नांदेड

काल सकाळी सव्वासातला मी तोंडावरचा मुखवटा काढला, तिथंच सगळं बदललं!

दामिनीचं संशोधन — कावळे माणसाचं तोंड लक्षात ठेवतात का. मी बी.एस्सी. अर्ध्यात सोडून तिचा मदतनीस. गोदावरीकाठी मुखवटा घालून कावळे जाळ्यात धरायचे, पायात रंगीत कडी घालून सोडायचे. नंतर त्याच मुखवट्यानं फिरायचं. किती ओरडतात ते ती मोजते. नियम एकच — धरताना खरं तोंड दाखवायचं न्हाई.

काल माझ्या हातात कावळा, आणि ती वहीत बघून हसून राहिली. तिच्यासोबत संशोधन करणारा वीरेश म्हणाला, "मुखवट्यात बरा दिसतोस रे सत्यम!" डोकंच फिरलं. मुखवटा ओढून फेकला. हातातल्यानं सरळ माझ्याकडं पाहिलं. कडुलिंबावरचे सगळे कावळे उठले.

तिनं मान वर केली तोवर परत घातला होता. वीरेशला बजावलं — बोललास तर बघ! ती हाकलून देईल. मग तिला रोज बघायचं कसं?

१३ फेब्रुवारी

खोलीच्या पत्र्यावर, स्टँडवर, चहाच्या गाड्यावर — कावळे. मलाच बघतात.

१९ फेब्रुवारी, अर्धापूर

बाबा गेले. केळीच्या बागेत, बसल्या जागी. मी कॉलेज सोडलं हे त्यांना कधी कळलंच न्हाई. आईला ठाऊक होतं.

२८ फेब्रुवारी

दहावा. नांदेडच्याच घाटावर, जाळं लावायचो तिथंच! पिंड ठेवला. कावळे भिंतीवर रांगेनं बसलेले, एक शिवेना. दोन तास. डोकं भादरलं तरी ओळखलं मला!

निवृत्तीकाका म्हणाले, "शेषेरावचा जीव कशात अडकला? बोला की!" आत्या म्हणाली, म्हैस विकणार न्हाई. काका म्हणाले, बाग मी बघतो. न्हाईच.

आई उठली. पिंडासमोर हात जोडले — "सत्यमनं शिक्षण सोडलं. म्या लपवलं तुमच्यापासून. माफ करा." सगळ्या भावकीसमोर! तरी न्हाई.

मला बघवेना. तणतणत पायऱ्या चढलो. वर पोचलो आणि मागून गलका — "शिवला! शिवला!"

२ मार्च

आई जेवत न्हाई. "तू होतास तवर आले न्हाईत ते. तुझ्यावर राग हाय त्यांचा. माझ्यामुळं."

सगळं सांगितलं — जाळं, मुखवटा, कावळे मला ओळखतात, भितात.

"खरं म्हणतोस? म्हंजे त्यांचा राग न्हाई?"

"न्हाई गं. कावळेच ते."

अर्धी भाकर खाल्ली. उरलेली माझ्या ताटात टाकून म्हणाली, "त्या मॅडमला बी खरं सांगून टाक."

४ मार्च, नांदेड स्टँड

दामिनीला तिच्या खोलीवर जाऊन सांगितलं. ती म्हणाली, "माहीत आहे. वीरेशनं त्याच दिवशी सांगितलं. म्हणून तुला रोज उघड्या तोंडानं लिंबाखालून चहाला पाठवत होते. ते पण मोजलं." वही उघडली. माझ्या नावाचा रकाना — सगळे शून्य. "मुखवट्यावर अजून ओरडतात. तुला एकानंही ओळखलं नाही."

"आणि घाटावरचे?"

"तेच कावळे आहेत, सत्यम."

"मग मी होतो तवर आले का न्हाईत?"

तिनं वही मिटली. "ते मला नाही सांगता येणार. उद्या ये कामाला."

बाहेर आलो. मागं तिच्या खोलीचं दार ओढून घेतलं.