होतकरू लेखकाबद्दल अभिप्राय

९ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला, रागावू नकोस. थंडी ओसरलीय. गुडघे कुरकुरतात, पण चालतंय. विभागातली माझी खुर्ची डुगडुगते. सुताराला सांगून सांगून तोंड दुखलं.

शिकवणं सुरू आहे. तर्कशास्त्राला हल्ली विचारतो कोण, तरी मोजकी पोरं येतात. पेंगत असतात. 'गणितात विसंगती नाही, याची हमी गणित स्वतः देऊ शकतं का?' असं विचारलं की जागी होतात.

एक गंमत सांगतो. ज्यांना मी निबंध तपासून देतो, त्या नियतकालिकाच्या संपादकांकडून एक निबंध आला. सवयीने पेन्सिल घेऊन बसलो आणि अभिप्राय धाडला: 'लेखक होतकरू आहे. कल्पना सुंदर, पण चौथ्या पायरीत घाई झाली आहे. जे सिद्ध करायचं तेच गृहीत धरलं आहे. पुन्हा लिहायला लावा.'

संपादकांचा फोन आला. बिचारे अडखळत म्हणाले, "सर, तो तुमचाच निबंध आहे. तुमच्या गौरवग्रंथात घेतोय, म्हणून मुद्रितं पाठवली होती. वर तुमचं नाव होतं."

मी हसलो. तेही हसले, जरा उशिराने.

ताई, त्या निबंधावर माझं सगळं नाव उभं आहे, आणि वाचताना एकही ओळ ओळखीची वाटली नाही. आता ती चौथी पायरी रोज काढून बसतो. सकाळी वाटतं, चूक आहे. दुपारी वाटतं, छे, मलाच कळत नाहीये. निबंध चुकलाय किंवा मी. दोन्हीही असेल, आमच्या शास्त्रातल्या 'किंवा'ला ते चालतं. निबंध दुसरं कुणी तपासेल. डॉक्टरकडे मी अजून गेलेलो नाही. भीती वाटते, सरळ सांगतो.

फोनवर बोललो असतो, पण तिथे मी सारवासारव करतो. तू बोलावतेस आणि दरवेळी मी 'ठणठणीत आहे' म्हणून तुला वाटेला लावतो. तपासणारं डोकं आणि तपासायचं डोकं एकच असेल, तर त्या हमीला काडीची किंमत नाही. जन्मभर फळ्यावर हेच सिद्ध करत आलो. तेव्हा यापुढे मी ठीक आहे असं कळवलं, तर धरून चालू नकोस. तूच ये. चार दिवस राहा, माझ्याकडे नीट बघ आणि काय ते तोंडावर सांग.

अजून दार उघडल्याबरोबर तुला ओळखेन. तोवर ये.

तुझा दमलेला,
बाळ