लेडी म्हणजे भाकर मळणारी

अण्णा,

काल जिंतूरच्या माझ्या वर्गात ‘लेडी’ हा शब्द शिकवताना एवढं हसू आलं, की मी फळ्याकडे तोंड करून उभी राहिले. तुम्ही झरीच्या शाळेत इंग्रजीचे मास्तर होतात, आणि तो जाडजूड शब्दकोश आणल्यापासून घरात कोणाला सुख नव्हतं. आई परातीत ज्वारीचं पीठ मळतेय, आणि तुम्ही चुलीपाशी येऊन ओरडता, “अगं, तू लेडी हाईस! जुन्या इंग्रजीत ‘पाव’ आन् ‘मळणारी’ असे दोन शब्द जोडून लेडी झालाय. आन् लॉर्ड म्हंजे पावाची राखण करणारा!” आई मान वर न करता म्हणते, “मग राखा की. मघाशीच मांजर एक भाकर घेऊन गेलं.”

तेवढ्यावर थांबला असतात तर बरं. पण शाळा तपासायला आलेल्या साहेब नेमक्या बाई होत्या, आणि स्वागताच्या भाषणात तुम्ही त्यांना मोठ्या कौतुकानं सांगितलंत, की लेडी म्हणजे पीठ मळणारी. हेडमास्तर घामानं भिजले. पहिल्या रांगेत बसलेल्या मला वाटलं, झाली आता बदली. बाईंनी शांतपणे विचारलं, “गुरुजी, तुम्हाला येते का हो भाकर?”

“न्हाई मॅडम.”

“मग शिका. शब्द अर्धाच कळलाय तुम्हाला.”

बदली झाली नाही, पण ते बोलणं तुम्हाला लय लागलं. त्याच संध्याकाळी तुम्ही परातीपुढे बसलात. पहिली भाकर चिरली, दुसरी तव्याला चिकटली, तिसरी बघून आई म्हणाली, “हिची राखण नका करू, कुत्रंबी न्हेणार न्हाई.” महिनाभर आम्ही इंग्रजीपायी जळकं खाल्लं. पुढे आईचा उजवा हात लुळा पडला, तोवर मात्र तुमच्या भाकरी टम्म फुगायला लागल्या होत्या. ती गेली तोपर्यंत, अकरा वर्षं, तुम्हीच करून तिला वाढलंत. ती शेजारणींना ऐटीत सांगायची, “आमच्या घरची लेडी हे हायेत.”

आता तुम्हीही नाही, म्हणून हे पत्र वहीतच राहणार. तुम्ही मलाही कितीदा बोलावलंत, “ये, शिकवतो.” दर वेळी मी म्हणायची, उद्या चाचणी आहे. अण्णा, एवढ्या चाचण्या कुठल्याच शाळेत होत नाहीत. तुम्ही मास्तर होतात, तुम्हाला ते कळत असणार. भाकर मला अजून येत नाही.