लहान पेशी, पक्की मिश्री

प्रिय हेमू,

तुझ्या आईने काल मला, तिच्या नणंदेला, शपथ घातली, "अदी, रविवारी पक्की मिश्री होईपर्यंत तोंड उघडायचं नाही." तुझा साखरपुडा होईपर्यंत तोंड उघडत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या महिन्यात तुझा लोकेश माझ्याकडे कांद्याची कोकी-पोळी खायला आला होता. लॅबमधली जुनी सवय, मी रक्त तपासायला सुई काढली तर हसला, "पुफी, आदिपूरचे डास न विचारता घेतात, तुम्ही निदान विचारलंत!" त्याचं थेंबभर रक्त काचेवर पसरलं, शेजारी तुझं ठेवलं. दोघांच्याही तांबड्या पेशी लहान आणि फिकट. मग तुम्हा दोघांचं रक्त राजकोटच्या मोठ्या लॅबला पाठवलं. तुला "लोह बघते" एवढंच म्हटलं होतं. माझी शंका खरी निघाली, दोघांनाही थॅलेसेमिया या रक्तदोषाचा अंश आहे.

तू लहानपणापासून फिकी, म्हणून आईने तुला लोहाच्या गोळ्या चारल्या. लोह कमी नव्हतंच. पेला लहान असला की पाणी कमी मावतं, तसा तुझ्या पेशीत प्राणवायू कमी मावतो. शरीर हुशार, ते पेले वाढवतं. म्हणून तू गरब्यात सगळ्यांना दमवतेस. पण दोघांकडूनही हाच वारसा आला, तर मुलाच्या पेशी नीट तयारच होत नाहीत. तिथे संख्या वाढवून भागत नाही. दर गरोदरपणात चारात एक, एवढा धोका.

लोकेशला सांगितलं. दोन दिवस त्याने फोन उचलला नाही. मग म्हणाला, "पुफी, तुम्हीच सांगा तिला. माझ्याच्याने होत नाही." तुझी आई म्हणते, "लोक काय म्हणतील? मुलगी आजारी?" तू आजारी नाहीस.

माझ्याकडच्या फोटोतला माझा मुलगा नंदू नजर लागून गेला, असं तुला सांगितलेलं आहे. नजर नव्हती. माझ्या आणि माझ्या यजमानांच्या पेशी अशाच होत्या, आणि आम्हाला कुणी सांगितलं नाही. परक्यांच्या रक्तावर तो सहा वर्षं जगला. सुई दिसली की स्वतःच हात पुढे करायचा. लग्न मोड, असं मी म्हणत नाही. दिवस राहिल्यावर सुरुवातीलाच बाळाचं रक्त कसं असेल ते तपासता येतं. ते तुम्ही दोघांनी ठरवा. पण मिश्री देण्याचा मान थोरल्या पुफीचा, आणि तुला अंधारात ठेवून मी ती देणार नाही. थैली तुझ्याकडेच ठेव, ठरलं तर रविवारी माझ्या हातात दे.

तुझीच,
सुंदरी पुफी

सोबत दिलं: मिश्रीची थैली एक, नारळ एक, तुम्हा दोघांच्या रक्ताच्या काचपट्ट्या दोन. हेमूच्याच हातात, आईच्या नाही.