न विचारता ठेवलेला डबा

११ नोव्हेंबर, मंगळवार

अंबूने आज बॅग चौथ्यांदा उघडली! सगळं पलंगावर काढायचं, एकेक वस्तू हातात घेऊन बघायची, परत भरायची. मी म्हटलं, अगं, गाडी शुक्रवारची आहे, आज मंगळवार. तर म्हणे, "काकू, एअरपोर्ट पे मेरी बॅग सबसे पहले खुलती है. हर बार. मुझे पता होना चाहिए अंदर क्या है."

का, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. इथे पिपलानीच्या बसमध्येसुद्धा तिच्या शेजारची जागा शेवटपर्यंत रिकामी राहते. केनियाची पोर, जूनपासून आमच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहून एका संस्थेतर्फे करोंदच्या मंडीतल्या हमालांच्या मुलांना शिकवते, एक पैसा न घेता — आणि लोक वळून वळून बघतात मेले! खरं नाव वांबुई. आमच्याकडे आठवड्यात अंबू झाली.

लोकांना नावं ठेवायचा मला काय अधिकार? ते लिहायचंय. आज नको.

१२ नोव्हेंबर, बुधवार

भांडण झालं.

अंबूची मोठी बहीण दुबईत नर्स आहे. बारा दिवसांपूर्वी बाळंत झाली. अंबू आधी तिच्याकडे आठवडाभर राहणार, मग घरी. आता बाळंतीण म्हटल्यावर माझे हात स्वस्थ बसतात होय? सकाळीच डिंक तळला. खारीक, खोबरं, गोडंबी, खसखस भाजून — सगळं घर घमघमलं. उदय म्हणाले, "कारखान्याच्या गेटपर्यंत वास येतोय." अकरा लाडू वळले, डब्यात भरले आणि ऐटीत तिच्यापुढे नेऊन ठेवले.

"नहीं काकू."

मला वाटलं, संकोच करते. पुन्हा पुढे केला. तर हात जोडले तिने! "काकू, प्लीज. बिना पूछे कुछ मत रखना मेरी बॅग में. प्रॉमिस करो."

केलं प्रॉमिस. पण तोंड गप्प बसेल तर ना! "रिकाम्या हाताने बाळंतिणीला भेटायला जातं का कुणी? तुमच्यात चालत असेल!" मराठीत बोलले, पण सहा महिन्यांत तिला सगळं कळायला लागलंय. उठून आत गेली.

"तुमच्यात." हा शब्द कुठून आला माझ्या तोंडात?

माहीत आहे कुठून आला. लिहूनच टाकते. ती आली तेव्हा मी तिचा कप वेगळा ठेवला होता. पांढरा, हिरव्या काठाचा, कानाजवळ टवका उडालेला. आमचे सगळे कप कुणीही कसेही घेतं — हा मात्र वरच्या फळीवर, लोणच्याच्या बरणीमागे. विसळायचासुद्धा वेगळा. उदयना पत्ता नाही, संस्थेच्या रमेशजींना तर नाहीच. आठ दिवसांनी माझी मलाच लाज वाटली. तो कप बाजूला सारून तिला आमच्यातला दिला. तर ही स्वतः स्टूल घेऊन चढली, तोच कप काढला आणि तेव्हापासून रोज त्यातच चहा पिते. मी रोज बघते. तिला कळलं असेल का? कळूनच मला शिक्षा देत असेल का?

ती गेली की तो कप फोडून टाकणार आहे.

१३ नोव्हेंबर, गुरुवार

करोंदच्या शाळेत निरोप होता. मीही गेले. एक चिमुरडी तिच्या ओढणीला धरून बसली होती, सोडेचना. "दीदी, तुम झूठ बोल रही हो, तुम कल आओगी." अंबू हसत होती आणि नाक पुसत होती.

परतीच्या बसमध्ये तिच्या शेजारी मी बसले. ती माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली.

डबा ओट्यावरच आहे.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

ठेवला.

ती आंघोळीला गेली होती. हातातल्या बॅगेत, शालीखाली, तळाशी. प्रॉमिसचं काय? अगं, तुझी बहीण डबा उघडेल, एक घास खाईल, तेव्हा तूच म्हणशील काकूने केलं ते बरंच केलं! शिवाय बुधवारचं ते तोंडातून गेलेलं माघारी कसं घ्यायचं? मला सॉरी म्हणता येत नाही. लाडू वळता येतात.

चहा आज मुद्दाम चांगल्या सेटमधून दिला. "मेरा कप कहाँ है?" — झालं! गुपचूप काढून दिला. प्यायली, स्वतः विसळला. मग मी दही आणायला दुकानात गेले, उदय रिक्षा आणायला गेले. मी परतले तेव्हा ती खोलीत पुन्हा बॅगेशी खुडबुड करत होती. मी दाराशी कान लावून उभी. पण बाहेर आली ती हसतच. म्हटलं, नाही सापडला!

हातावर दही घातलं. "जाते" म्हणायचं नाही, हे तिला पाठ आहे. वाकून नमस्कार केला आणि अगदी आपल्यासारखं म्हणाली, "काकू, येते." मी रडले, स्टेशनवर पुन्हा रडले. दुपारची दिल्लीची गाडी, पहाटेचं विमान.

पोचल्याचं कळेपर्यंत केर काढणार नाही. आई काढू देत नसे, मीही काढत नाही.

१५ नोव्हेंबर, शनिवार

देवा, मी काय करून बसले!

शेजारच्या कांचन वहिनी आल्या होत्या. नागपूरच्या, बोलण्यात कुणाची भीड नाही. मी आपली कौतुकाने सांगत होते, कसे लपवून लाडू दिले, त्यात काय काय घातलं. त्यांचा कप हातातच राहिला.

"खसखस टाकली? काऊन वो सुमित्राताई! अवो, दुबईत खसखस चालत नाई ना! माह्या भाच्यानं शारज्याहून सांगतलं होतं. अफूच्या बोंडातली ना ते! सापडली का सरळ आत टाकतेत!"

मला हसू आलं आधी. खसखस! शिऱ्यात घालतो, अनारशाला लावतो, ती खसखस! मग उदयनी फोनवर शोधलं. बराच वेळ वाचत होते. मला वाचून दाखवलं नाही. चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि म्हणाले, "तिला माहीत तरी आहे का, की डबा आहे?"

नाही.

विमान सकाळीच उतरलं असेल. "मेरी बॅग सबसे पहले खुलती है." तिचा मेसेज नाही. मी पाठवले सात. एकच टिकमार्क.

१६ नोव्हेंबर, रविवार

एकच टिकमार्क.

तिचा फोन आधीच फुटका होता, काचेवर चिकटपट्टी लावलेली. बंद पडला असेल. नाहीतर काढून घेतला असेल. बहिणीचा नंबर आमच्याकडे नाही. एवढे महिने पोर घरात राहिली आणि मी तिच्या बहिणीचा नंबर घेतला नाही! लाडू करायला सुचलं, हे नाही सुचलं.

उदय आजवर माझ्यावर ओरडले नव्हते. आज ओरडले. "नको म्हणाली होती ना ती? हात जोडून नको म्हणाली होती ना!" मग स्वतःच पाणी आणून दिलं.

घरात धूळ झालीय. पायाला लागते. झाडूला हात लावणार नाही.

१७ नोव्हेंबर, सोमवार

रमेशजींकडे गेलो. त्यांच्याकडे फक्त तिचा ईमेल. पाठवला. उत्तर नाही. दूतावासाला फोन करू का, विचारलं. तर रमेशजी हळू आवाजात म्हणाले, "भाभीजी, कहेंगे क्या? कि उसका बॅग देख लो? अगर अब तक किसीने नहीं देखा हो तो?"

खरंच की. बोलले तर मीच पकडून देणार, न बोलले तर ती एकटी तिथे सांगत बसणार, मला माहीत नाही, मला माहीत नाही — आणि तिच्यावर विश्वास कोण ठेवणार? आमच्या बसमध्ये तिच्या शेजारी कुणी बसत नाही!

डोळ्यांसमोर सारखं तेच. टेबल, उघडी बॅग, शाल, माझा डबा. डब्यावर लग्नातलं माझं नाव कोरलेलं आहे. निदान ते तरी वाचतील का ते लोक? हिचा नाही म्हणतील का?

ठरवलं होतं, ती गेली की तो कप फोडायचा. फोडणं सोडा, त्या फळीकडे मान वर करून बघवत नाही. देवापुढे बसले आणि नवस काही सुचेना. एवढंच म्हटलं, माझं काय हवं ते कर, पोरीला सोड.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

अकरा वाजता अनोळखी नंबरवरून फोटो आला. कोपऱ्यात बाळाची इवलीशी तंगडी. पुढ्यात पांढरा कप, हिरव्या काठाचा.

खाली लिहिलंय: "काकू, फोन ट्रेन में ही बंद हो गया था, दूसरा आज मिला. डिब्बा मैंने निकाल दिया, नाराज मत होना. बॅग में एक ही चीज की जगह थी और कप टूटना नहीं चाहिए था. आपके घर में सब कोई भी कप ले लेते हैं. सिर्फ मेरा अपना था, पहले दिन से. दीदी को वही दिखा रही हूँ."

स्टूलवर चढले. बरणी सरकवली. कपाच्या जागी डबा. अकराच्या अकरा लाडू.

उदयना कपाचं सगळं सांगितलं. मग केर काढला. तिला उत्तर अजून लिहिलेलं नाही.