जॅकेट घालायची माझी पद्धत

३ डिसेंबर
स्कूटरची चावी खिशात घालून गेला मेला! माझ्या पोटचा पोरगा, आ-होंग. असो. वहीबाई, बरी आहेस ना? मी नाही. शेजारचे लिआव म्हातारे स्कूटरवरून घसरून पडले आणि शिक्षा मला. म्हणे, "आई, पॅडवालं जॅकेट घेतल्याशिवाय चावी मिळायची नाही." ताइनानच्या बाजारात मासे विकायला मी बसनं जाऊ? टोपली मांडीवर घेऊन? आजवर मी कधी पडले नाही. त्या दिवशी गटारात पडली ती स्कूटर. मी फक्त तिच्यावर बसले होते.

५ डिसेंबर
नात यी-रोंग दुकानात घेऊन गेली. दुकानदारीण म्हणाली, "आजी, पडलात तरी हाडं शाबूत राहतील." म्हटलं, पडायचा बेत तुझा असेल. खांद्याला पॅड, कोपराला पॅड, पाठीला तर पाटाएवढी फळी. तसलीच पँटही पुढे केली. मी काय लढाईला चाललेय? काळं जॅकेट तेवढं घेतलं. चावी मिळाली! आता बाजाराला दाखवते, शहाणी बाई गाडी कशी चालवते ते.

६ डिसेंबर, सकाळी
जॅकेट घातलं. आपल्या पद्धतीनं, म्हणजे हात पुढून घालून, चेन पाठीमागे उघडी. आमच्या तैवानात स्कूटरवर सगळ्या बायका असंच घालतात. वारा छातीला लागतो, पाठीला नाही. फळी छातीवर छान बसली. कॉलर हनुवटीला टोचते, खाली बघता येत नाही. खाली बघायचंय काय? कोळंबीवाली शिऊ-मान खिदळली, "अगं कासवा, तुझी पाठ पोटावर कशी आली?" जळते मेली.

९ डिसेंबर
सिग्नलला ब्रेक दाबला. फळीनं वाकू दिलं नाही. गाडी डावीकडे, मी उजवीकडे, मासळी रस्त्यावर. उताणी पडले. छातीला ओरखडा नाही. पाठ सोलवटली. डॉक्टर जॅकेट उलटंसुलटं करून बघत राहिला. "आजी, एवढी फळी असून पाठच कशी गेली?" म्हटलं, माल खराब. यी-रोंग आधी हसली, मग रडायला लागली. आ-होंगनं सरळ हात पुढे केला. चावी घेतली.

१० डिसेंबर
स्कूटर विकली. मला न विचारता! पालथी पडून लिहितेय. जॅकेटवाल्यांना सोडणार नाही. तिकडे शिऊ-मानचा फोन सारखा वाजतोय. आ-होंगला बजावलंय, फोन तूच उचलायचास, आणि सांगायचंस, आई स्कूटर घेऊन बाहेर गेलीय.