एस्तेरची प्रार्थना

बोईसर, शनिवार संध्याकाळ

आज माझ्या घरी ठेवलेल्या तरुणांच्या प्रार्थनासभेला दहावीतली एस्तेर एकटीच आली. मंडळीच्या शिबिरात बाकीची सगळी मुलंही रडून रडून येशूला जीवन द्यायला उभी राहिली होती. अजून महिनाही झाला नाही. शेजारून खुर्च्या मागून आणल्या, दूधही जास्तीचं घेतलं. माझं चुकतंय तरी कुठे?

शेवटी तिलाच विचारलं. ती हसली. "काकू, शिबिरात आमाला बोलायला लावायचे. इथे तुमीच वाचता, तुमीच प्रार्थना करता. आमी नुसतं आमेन!"

लागलं मनाला. म्हटलं, "मग आज तू कर."

डोळे मिटले, तर ही गप्पच. आपणच सुरू करावं असं वाटत होतं. मिटल्या डोळ्यांपुढेही त्या रिकाम्या खुर्च्याच. पण जीभ आवरली.

मग ती हळूच म्हणाली, "प्रभू, बाबांची कंपनी बंद झाली. शाळा सोडून पॅकिंगच्या कामाला जा म्हणतात. मला नाय जायचं."

शिबिरापासून रोज या पोरीसाठी प्रार्थना करतेय. बाळा, कशी आहेस, एवढं मात्र तिला कधी विचारलं नाही.

उद्या उपासना झाली की तिच्या घरी जाते. तिच्या बाबांचं तरी आधी ऐकून घ्यायची बुद्धी दे, प्रभू.