समुद्राला घातलेला बांध

आष्टी,
११ जानेवारी २०२५

चि. शिवास अनेक आशीर्वाद.

इकडे आम्ही सगळे खुशाल आहोत, तुझी खुशाली कळव, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिते. तू कळवणार नाहीस हे मला माहीत आहे. माझा नंबर तू बंद करून ठेवला आहेस. दाजींच्या फोनवरून लावला, तर माझा आवाज ऐकताच ठेवून दिलास. म्हणून हे पत्र. मुस्तकीमभाई उसाची गाडी घेऊन तुझ्या कारखान्यावर येणार आहेत, त्यांच्या हाती देते. सोबतच्या डब्यात तिळगूळ आहे. 'गोड बोल' म्हणायला मला तोंड नाही, पण खा.

आई माझ्याकडेच आहे. गुडघे धरलेत, जीभ मात्र धरलेली नाही. दाजींना दिवसभर कामाला लावते आणि वर म्हणते, जावई गरीब आहे.

कामाचं म्हणशील तर बरं चाललं आहे. यंदा तीन अंगणवाड्यांच्या भिंती झाल्या, एका रसवंतीची पाटी झाली. बैल मला अजूनही झोकात जमतो आणि वाघ अजूनही मांजरावर जातो. पोरं त्यालाच जास्त हात लावतात, त्यामुळे त्याच्या मिशा दर वर्षी नव्या काढाव्या लागतात.

शाळेत एक नव्या बाई आल्या आहेत. त्यांनी परवा विचारलं, "मनिषाताई, तुम्ही चित्रं आणता कुठून?" मी म्हटलं, मिळतील तिथून. खताच्या दुकानातलं कॅलेंडर, काडेपेटीवरचा छाप, बाजारात लागलेलं सिनेमाचं पोस्टर, कुणाच्या तरी साडीचा काठ. मग नारायणगडच्या जत्रेतल्या फोटोवाल्याचा पडदा सांगितला. डोंगर, धबधबा, वर विमान आणि कोपऱ्यात ताजमहाल. आईनं आपल्याला पडद्यापुढे उभं केलं, तर तू फोटोवाल्याकडे पाठ करून पडदाच बघत राहिलास. त्या फोटोत तुझी पाठ आहे आणि माझे दात. बाई खूप हसल्या. पुढचं मात्र मी त्यांना सांगितलं नाही. निम्म्याहून जास्त चित्रं मी तुझ्याकडून घेतली आहेत, हे काही माझ्या तोंडून निघालं नाही.

तू ट्रकवर क्लीनर म्हणून गेलास तेव्हा मला तुझा हेवा वाटला होता. माझी धाव आष्टीपासून बीडपर्यंत, आणि तू निघालास देश बघायला. दर रविवारी चार वाजता तुझा फोन यायचा. मी ओट्यावर जाऊन बसायची, डोळे मिटायची.

"अक्के, बर्फ म्हंजी जिनिंगमदला कापूस बग. तसाच ढीग. निस्ता गार."

"आन् समुद्र रे?"

"लई मोठा. पल्याडचा काठच दिसत न्हाई. पाणी अंगावर येतं आन् ऐन टायमाला इचार बदलतं."

सोमवारी ते भिंतीवर उतरायचं. तुझ्या बोलण्यावर मी सात शाळा रंगवल्या.

आता दोन वर्षांपूर्वीचा सव्वीस जानेवारी. तुला नको असेल तरी वाच. शाळेत झेंडावंदन झालं, मग मी रंगवलेल्या समुद्राच्या भिंतीचं उद्घाटन. तू रजा काढून, नवा शर्ट घालून आला होतास आणि पोरांच्या मागे उभा होतास. पाहुणे म्हणून आलेले साहेब भिंतीपुढे थांबले आणि हसायलाच लागले. "ताई, समुद्राला बांध कुणी घातला?" पोरं हसली, मास्तर हसले, सरपंच मोहनरावांनी तर पोट धरलं. मी माईकपाशी होते आणि माईक चालू होता. मी म्हणाले, "माझ्या भावानं सांगितलं तसं काढलंय. तो गाडीवर देशभर फिरतो. त्यानं डोळ्यांनी पाहिलंय."

मोहनराव जागेवरूनच म्हणाले, "कोण, शिवा? आवो त्यो कुटं फिरतोय! त्यो तर कारखान्याच्या काट्यावर गाड्यांची वजनं लिवतोय. आमच्या गावची ऊसतोडीची टोळी हाय की तिथं."

सगळ्या माना तुझ्याकडे वळल्या. आणि मी तुझी थोरली बहीण, काय म्हणाले? "खोटारडा." तेही माईकवरून. चपला घातल्यास आणि फाटकाबाहेर गेलास. घरी येऊन आईला मी सांगितलं, तुझ्या लेकानं आपल्याला पाच वर्षं फसवलं. आई तेव्हापासून तुझं नाव काढताना माझ्याकडे बघत नाही.

नोव्हेंबरात शाळेच्या शिक्षकांची सहल कोकणात गेली. गाडीत एक जागा रिकामी होती, नव्या बाईंनी मला ओढून नेलं. शिवा, मी समुद्र पाहिला. त्याला बांध नव्हता. तरी मी खुळ्यासारखी वाळूतून आधी एका बाजूला आणि मग दुसऱ्या बाजूला लांबवर चालत जाऊन बघून आले. बाकीचे पाण्यात खेळत होते, मी वाळूत बसून रडले. बाईंना वाटलं, आनंदानं. तुझं एकेक वाक्य खरं होतं. पलीकडचा काठ दिसत नव्हता, पाणी खरंच अंगावर येऊन ऐन वेळी विचार बदलत होतं. तू शेजारी हवा होतास, असं इतकं वाटलं की मला तिथे थांबवेना.

न पाहता तू इतकं नेमकं कसं सांगत होतास? त्याचं उत्तर मला या मंगळवारी मिळालं. मुस्तकीमभाई आपल्या गाडीच्या पाठीवर नाव रंगवून घ्यायला सिरसाळ्याहून आले होते. मूळ गाव विचारता विचारता तुझा विषय निघाला.

"अरे, त्यो शिवशंकर तुमचा भाई हाय? लई इचित्र मानूस बगा. काट्यावर गाडी लागली की चा पाजतो आन् इचारतो, कुटून आलास, काय बगितलंस? कोकनातून आलेल्याला दर्याचा रंग इचारतो. एक डायवर फौजेतून सुटलेला व्हता, त्याला बर्फाचं इचारू इचारू हैरान केलं. समदं वहीत लिवून घेतो. म्हनतो, भैनीला सांगायचंय."

मी ब्रश खाली ठेवला. "हे कधीचं, मुस्तकीमभाई?"

"कदीचं काय, परवाच्या खेपेला बी इचारलं की."

परवाच्या खेपेला! दोन वर्षं माझ्याशी बोलत नाहीस, आणि तरी विचारतोस, लिहून ठेवतोस. त्या दिवशी मुस्तकीमभाईंच्या गाडीवरची अक्षरं वाकडी आली. त्यांनी चालवून घेतली.

आता जे लिहायचं मी चार पानं टाळलं, ते लिहिते.

बांधाचं तू कधीच बोलला नव्हतास. तो मी घातला. भिंत पुरी झाली होती, आभाळ झालं होतं, निळं पाणी थेट कडेपर्यंत नेलं होतं. पण ते तसं मोकळं पाणी मला बघवेना. आपल्याकडे पाणी म्हणजे पाझर तलाव. अडवल्याशिवाय ते जागेवर राहतं, हे मन घेईना. मग मी काळ्या मातीचा लांब बांध ओढला आणि वर दोन बाभळी काढल्या, तेव्हा कुठे माझा जीव निवांत झाला. साहेब हसले ते माझ्या चुकीला. मी ती तुझ्या अंगावर टाकली.

आणि दुसरं. तू गाडीवर नाहीस, हे मला चार वर्षं माहीत होतं. "समुद्राकाठी बसलोय, अक्के," म्हणालास, आणि मागे कारखान्याचा भोंगा वाजला. पुढच्या रविवारी तू हिमालयात होतास, तिथेही वाजला. चारची पाळी सुटायची वेळ ती. मी गप्प राहिले, कारण बोलले असते तर तू सांगायचा थांबला असतास. मला ते ऐकायला हवं होतं. गाडीवरचं काम सुटलं, काट्यावर काम धरावं लागलं, ही लाज तू एकट्यानं वागवलीस, आणि मी ती ओळखून आरामात चित्रं काढत बसले. मोहनराव बोलले तेव्हा मी जणू पहिल्यांदाच ऐकतेय असं तोंड केलं.

आज सकाळी आईला हे सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मनिषे, लेकराला येकटं पाडलंस गं." मग भिंतीला धरून उठली आणि तुझ्यासाठी तीळ लावून बाजरीच्या भाकरी थापायला बसली. डब्यात वरच आहेत.

येत्या सव्वीस जानेवारीला मी मुख्याध्यापकांकडून माईक मागून घेतला आहे. दोन मिनिटं द्या म्हटलं. त्याच जागी, मोहनरावांसमोर, पोरांसमोर सांगणार आहे, बांध कुणाचा आणि खोटं कुणाचं. पुढची कामं देतील न देतील. गावात चार दिवस तोंड दाखवायला जड जाईल, ते मी बघेन. तू आलास तर तुझ्यासमोर बोलेन, नाही आलास तरी बोलेन. पण शिवा, ये. एकटीनं तिथे उभं राहायची मला भीती वाटते, आणि तू ती भीती एकट्यानं सोसलीस.

येताना वही आण. मला चित्रासाठी नको आहे. कुणी काय पाहिलं आणि तू ते कुणाला विचारलंस, त्या माणसांच्या नावानिशी, तुझ्या तोंडून ऐकायचं आहे. नाही आणलीस तरी चालेल. नुसता ये.

तू खोटं बोललास ते माझ्यासाठी. मी बोलले ते तुझ्या जिवावर.

तुझी,
अक्का